गोल टेबलाची नववी खुर्ची

प्रिय सौभाग्यवतीस, दुरूनच विचारपूस.

मी ठणठणीत आहे. तुझी कंबर कशी आहे? धाकटी अभ्यासाला बसते ना?

शेजारी देशांच्या या संघाचं गोल टेबल मी पाच खुर्च्यांसाठी केलं होतं. पुढे आणखी चार देश आले. दर वेळी टेबल उकलून नव्याने जोडलं, कारण बोटभर जागा कमी मिळाली तरी साहेब लोक रुसतात. लग्नातले व्याही परवडले! माझ्यासारख्या शाळा न शिकलेल्या माणसाचं माप इंजिनियरने दोनदा तपासलं, चूक निघाली नाही.

काल व्यवस्थापक म्हणाले, "मिस्त्री, नवाचं आठ करा."

"कुठली खुर्ची काढू?"

ते माझ्याकडे बघेनात. "तुमच्याच देशाची. तुम्ही बाहेर पडलात ना संघातून."

आपला देश संघात होता म्हणूनच मला इथला कामाचा परवाना मिळाला, हे तुला ठाऊक आहे. खुर्ची मीच काढली. दुसऱ्याने तिचा पाय मोडला असता. टेबलही नीट जुळवलं. आता फट दिसत नाही.

परवान्याबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही, तेव्हा घोर लावून घेऊ नकोस. आईला मात्र इतक्यात काही कळू देऊ नकोस.

तुझाच,
मिस्त्री