घंटागाडीचे गाणे आणि इंदिराबाईंचा आवाज

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
भोकरखेडे नगरपंचायत, जि. धुळे

विषय : घंटागाडी-गीताचे मूळ ध्वनिमुद्रण नष्ट न करता त्याची प्रत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले ‘वेगात एकवाक्यता’ या मथळ्याचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार मूळ भोकरखेड्याचा असून जळगावात मेहरूणला, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या एका खोलीत गाणी रेकॉर्ड करून पोट भरतो. गेल्या वर्षी आपल्या कार्यालयाने त्याला घंटागाडीसाठी गाणे करण्यास सांगितले. चाल ‘आपल्या मातीतली’ असावी, अशी अट होती. अर्जदाराने अट शब्दशः घेतली, ही त्याची पहिली चूक. त्याने श्रावणात घरोघर बसणाऱ्या कानबाई देवीच्या गाण्याची चाल घेतली आणि गायला आपल्या आत्याला, म्हणजे अख्खे गाव जिला अक्का म्हणते त्या इंदिराबाईंना, बसवले.

२. साहेबांच्या माहितीसाठी थोडी तांत्रिक बाजू. अर्जदाराच्या संगणकात दोन सॉफ्टवेअर आहेत. एकात आवाज रेकॉर्ड होतो, दुसरे ढोलकी वाजवते. दोघांना वेगाचा एकच आकडा दिला की ते गुण्यागोविंदाने चालतात. अर्जदाराने तसा तो दिला. अक्कांनी पहिले कडवे नीट त्या आकड्यात म्हटले, दुसऱ्यात ढोलकीच्या पुढे गेल्या आणि तिसऱ्यात ढोलकी कुठे राहिली हे पाहायलाही थांबल्या नाहीत. कारण आपल्याकडची रीत तशी आहे. कानबाई बसलेली असते तोवर गाणे संथ, आणि सोमवारी तिला विसर्जनासाठी नदीवर न्यायला उचलले की गाण्याचा वेग वाढत जातो. अर्जदाराने त्यांना ढोलकीबरोबर राहायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “कानबाई उठनी का गानं पयस. ते बशी कसं ऱ्हाई? तुना डब्बाले सांग, मना मांगे चाल.”

३. अर्जदाराने डब्याला तसे सांगितले. अक्कांच्या एकेका टाळीवर खूण करून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला त्यांची वाढती लय शिकवली, आणि ढोलकीच्या सॉफ्टवेअरला स्वतःचा आकडा सोडून रेकॉर्डिंगमागे चालायला लावले. या कामात अर्जदाराची मान आखडली, पण ढोलकी अखेर अक्कांच्या मागे सुनेसारखी चालू लागली. ते ऐकून अक्का जे हसल्या, ते हसूही गाण्याच्या शेवटी रेकॉर्ड झाले आहे. अर्जदाराने ते मुद्दाम काढले नाही.

४. करारात अशीही अट होती की मूळ ध्वनिमुद्रण कार्यालयात जमा करून स्वतःजवळ प्रत ठेवू नये. अर्जदाराने खरोखरच ठेवली नाही. अट पाळणारा माणूस आपल्या कार्यालयाने पूर्वी पाहिला नसावा, कारण जमा करून घेणारे लिपिक प्रेमराजभाऊ बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

५. गाण्याची चाचणी कधी घ्यावी, हे ठरवण्यात आपल्या कार्यालयाने विशेष दूरदृष्टी दाखवली. वर्षातले इतके दिवस मोकळे असताना नेमका कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार निवडला. सकाळी घंटागाडी गल्लीत शिरली, भोंग्यावर अक्कांची लय वाढत गेली आणि पहिली कानबाई निघाली असे समजून बायांनी घराघरातून कानबाया उचलल्या. कचऱ्याचे डबे ओट्यावर राहिले, पूजेची ताटे बाहेर आली. गाडीला कुंकू लागले, नारळ फुटला, आणि मिरवणूक गाडीमागे नाचत निघाली. गाडीचा ठरलेला मार्ग कचरा डेपोकडे जातो.

६. वळणावर चालक लोटनभाऊंनी आपल्या कार्यालयाला फोन केला : “साहेब, बठ्ठं गाव मांगे शे. देवले कचरामा लई जाऊ का?” कार्यालयाने सांगितले, मार्ग बदलता येणार नाही. लोटनभाऊंनी फोन ठेवला आणि गाडी नदीकडे वळवली. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला आहे. गावाने त्यांना खीर आणि रोट दिले, ते मेमोत नमूद नाहीत.

७. चौकशीअंती आपल्या तांत्रिक समितीने, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी, दोष शोधला. दोष चाचणीच्या दिवसाचा नव्हता, मार्गाचा नव्हता, तर लयीचा होता. समितीच्या तक्त्यात ‘गीताचा वेग’ या शीर्षाखाली एक चौकट आहे, तीत एकच आकडा मावतो, अक्कांचे आकडे पुष्कळ निघाले. चौकट मोठी करण्यापेक्षा अक्कांना लहान करणे सोयीचे वाटले असावे. धुळ्याच्या कुणा तज्ज्ञाकडून गाणे एका आकड्यात कोंबून घेण्यात आले. ढोलकी आता शिपायाच्या चालीने चालते, आणि तिच्याशी जुळावा म्हणून ताणलेला अक्कांचा आवाज दाढ दुखत असल्यासारखा येतो. तो ऐकून समितीनेच शेरा मारला की गायिका ठेक्याला जुळत नाही, सबब गायिका बदलावी व मूळ ध्वनिमुद्रण निर्लेखित करावे. या कार्यक्षमतेपुढे अर्जदाराने हात टेकले आहेत.

८. गायिका बदलण्यास अर्जदाराची हरकत नाही. आपण सुरेल, आज्ञाधारक आणि चौकटीत मावणारी गायिका अवश्य शोधावी. तसे संमतिपत्र सोबत जोडले आहे.

९. हरकत फक्त शेऱ्यातल्या ‘निर्लेखित’ या शब्दाला आहे. मोडक्या खुर्च्या निर्लेखित होतात, हे अर्जदारास ठाऊक आहे. परंतु दिवाळीत अक्कांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि त्यांचा आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, आता तो येणार नाही. त्या आयुष्यभर गायल्या, पण रेकॉर्ड झाले ते एकदाच, आणि ते आपल्या कपाटात आहे. हे लिहिताना अर्जदाराला राग येतो आहे आणि रडूही येते आहे. कार्यालयीन भाषेत दोन्ही कसे लिहितात, हे त्यास माहीत नाही.

१०. सध्या सकाळी गाडी ते ताणलेले गाणे लावून अक्कांच्या दारावरून जाते. अक्का ओट्यावर येऊन बसतात आणि टाळ्या धरतात. पहिले कडवे बरोबर जाते. मग त्यांचे हात सवयीने पुढे निघतात आणि त्यांचाच आवाज मागे राहतो. त्या हात थांबवतात, गाडीकडे पाहतात आणि आपला आवाज येऊन पोचेपर्यंत वाट बघतात. तो पोचत नाही, गाडी पुढच्या गल्लीत जाते.

तरी मूळ ध्वनिमुद्रण पुसण्यापूर्वी त्याची एक प्रत, शेवटच्या हसण्यासह, मिळावी. ते कोणत्याही घंटागाडीवर वाजणार नाही, याची हमी अर्जदार देतो. फक्त ओट्यावर वाजेल.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
हितेंद्र (अर्जदार)
मेहरूण, जळगाव
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) गायिका बदलण्यास संमतिपत्र.
२) आपला तक्ता, वेगाची चौकट कोरी ठेवून.
३) पेन ड्राइव्ह, रिकामा.