माठातला खिळा

रविवार, ७ ऑक्टोबर १९७३, सोलापूर

आईनं सकाळीच माठात लोखंडी खिळा टाकला. आज तेकुफा, ऋतू पालटायची घडी; त्या वेळी पाणी प्यायलं की बाधतं म्हणे, आणि लोखंडानं साठवलेलं पाणी राखलं जातं. आमच्या ज्यू पंचांगात वेळ सकाळी नऊची. मी शाळेत भूगोल शिकवतो. दिवस-रात्र समान होऊन पंधरवडा उलटला, हे तिला दरवर्षी सांगतो. आज सांगितलं नाही. काल रेडिओवर लढाईची बातमी आली आणि माझा धाकटा भाऊ दानियल तिकडे इस्रायलच्या फौजेत.

दहा वाजता म्हटलं, "आता तरी घोटभर पी."

"तिकडं अजून नऊ वाजायचेत की."

आता संध्याकाळ झाली. तिकडचेही नऊ केव्हाच वाजून गेले. ती पाणी प्यायली, पण खिळा काही काढला नाही. मघाशी माठ मीच धुतला, भरला. आणि खिळा? तोही मीच परत टाकला.