आंबिया बहराची वाटणी

लिहून ठेवणार विश्वनाथ रामाजी चाफले, वय सव्वीस, सातवी पास, मौजे लोणखेडी, जिल्हा नागपूर. उद्या नागपूरला धंतोलीच्या दवाखान्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असून माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तुळसावहिनी मात्र म्हणतात, "काहून लिहून राहिले भाऊजी? हर्निया होय, फाशी नाही." तरी लिहितो.

सायकल आईला द्यावी. ती चालवणार नाही, पण कोणाला विकूही देणार नाही. संत्र्याची कलमे बांधण्याचा चाकू वहिनींकडे राहावा. शेजारच्या आनंदरावांनी मागितला तरी देऊ नये. आधीच्या चाकूने त्यांनी नारळ सोलला.

आता बाग. ओढा आटला, विहिरीचे पाणी दरवर्षी खाली जाते, म्हणून थोरले बंधू देवराव झाडे तोडून जमीन वीटभट्टीला द्यायची म्हणत होते. संत्र्याचे पाणी बंद करून झाडाला ताण देतात; योग्य दिवशी पुन्हा पाणी सोडले की बहर फुटतो. तो दिवस बाबा ठरवीत. मार्गशीर्षात बाबा गेले. तेरवी झाली तरी बागेकडे कोणी फिरकले नाही. पाने गळाली. दादांनी कुऱ्हाडवाल्यांना माघात बोलावले. मी पौषातच विहिरीत होते तेवढे पाणी झाडांना सोडले, निरोप म्हणून.

आज बाग पांढरी झाली आहे. इतका आंबिया बहर बाबांच्या हातूनही आला नव्हता. वास अंथरुणाला, वरणाला, सगळ्याला. आमच्या दुःखाचाच झाडांना ताण बसला, असे मला वाटते. आई सकाळपासून फुलांखाली बसून आहे. बाबा गेल्यापासून घासभरच जेवणाऱ्या तिने आज दुपारी पुन्हा भात मागितला.

वाटा घेणाऱ्याने साक्ष घालू नये, असे अर्जनवीस म्हणाले. म्हणून दादांना विचारले, साक्षीदार म्हणून सही करता, की न तोडण्याच्या अटीवर माझी झाडे घेता? त्यांनी एक फांदी खाली ओढून फुले पाहिली. मग म्हणाले, "सही दुसऱ्याची घे गा. मले झाडं पाहिजे." कुऱ्हाडवाल्यांना त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

सबब माझ्या वाट्याची झाडे व विहिरीच्या पाण्याची माझी पाळी देवराव यांना. मी वाचलो तर दोघांनी मिळून राखावी.

लोणखेडी, ९ फेब्रुवारी १९७९
सही: विश्वनाथ रामाजी चाफले
साक्षीदार: नानाजी सोनटक्के (सही), प्रयागबाई ठोंबरे (अंगठा)

देवराव रामाजी चाफले यांची सही कोठेही नाही, हे दोनदा तपासले.