सरकता तक्ता आणि त्याची खुंटी

मी शामला, कै. महिपतराव धुमाळ यांची पत्नी, राहणार लष्कर, ग्वाल्हेर, धंदा पिकपने भाड्याची मालवाहतूक, आज बुद्धी ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, असे वकील मुकुंदराव म्हणाले. तो जोडला आहे. माझे धाकटे दीर सूर्याजीराव यांनीही तसा एक स्वतःसाठी काढून ठेवावा. फी फार नाही.

हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही. न लिहिण्यासाठी घालून पाहिला, तो लागू पडला नाही.

माझा जन्म ग्वाल्हेर संस्थानात झाला, लग्नही तिथेच झाले. वैधव्य मध्यभारतात आले. येत्या गुरुवारी मध्यभारत बंद होऊन मध्यप्रदेश सुरू होणार आहे, म्हणजे मरण तिसऱ्या राज्यात येईल. एवढ्या अवधीत मी लष्करच्या या गल्लीतून हललेली नाही. नव्या राज्यात कोणत्या टेबलावर काय चालेल याचा भरवसा नाही, म्हणून जुने राज्य चालू आहे तोवर हे काम उरकून घेते.

यजमान हयात असताना त्यांचे नाव मी उखाण्यापुरते घेतले. आता प्रत्येक कागदावर घ्यावे लागते. या कागदात ते पुष्कळदा येईल, त्याला इलाज नाही.

मिळकत माझी आहे का, हा प्रश्न भावोजींनी चैत्रात विचारला होता. तेव्हा कायदा त्यांच्या बाजूचा होता. विधवेने मरेपर्यंत वापरावे आणि मग निमूटपणे सोडून जावे, असा. जूनमध्ये नवा कायदा आला आणि तिच्या ताब्यातले तिचेच झाले. मी तो वाचनालयात बसून स्वतः वाचला. भाषा वाईट आहे, अर्थ चांगला आहे.

कलम १. घर. राहते घर माझी जाऊ सुधाताई हिला द्यावे. तिलाच, तिच्या नवऱ्याला नव्हे. उभा जन्म तिने भाड्याच्या घरात राहून आमचे घर कसे बांधायला हवे होते यावर भावोजींची व्याख्याने ऐकली आहेत. आता ते तिच्या घरात राहतील. तसे राहणे जड वाटल्यास त्यांची कचेरी भोपाळला चाललीच आहे आणि तिथे सरकारी क्वार्टर मिळते असे ऐकते.

कलम २. पोस्टातली शिल्लक व पुस्तके. शिल्लकीतून माझे दिवस करावेत. तेराव्याला श्रीखंड करू नये, त्याचे कारण पुढे येईल. उरेल ते आणि माझी सगळी पुस्तके वाचनालयाला द्यावीत. समासात पेन्सिलीने लिहिले आहे ते खोडू नये. लेखकांना कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते.

कलम ३. पिकप व तिच्यातला सरकता तक्ता. सगळा तंटा याच्यावरून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

महिपतराव दरबारच्या मोटरखान्यात होते. संस्थान विलीन झाले तेव्हा मोटारी नव्या सरकारने घेतल्या आणि माणसे घरी पाठवली. सूर्याजीराव कारकून होते. कारकून प्रत्येक सरकारला लागतात. महिपतरावांनी मुरारच्या छावणीत सैन्याच्या लिलावात ही पिकप घेतली. बरोबर दौलतसिंह आला. तोही पलटणीतून सुटलेला ड्रायव्हर. मध्यभारताचे सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसायचे, त्यामुळे कागदांचे बस्ते वर्षातून दोनदा स्टेशनावर न्यावे लागत. सरकारला दोन घरे होती म्हणून आमचे एक चालले. एरवी लग्नाच्या पंगतींची भांडी वाहायची. मी बरोबर जात असे. पिकपच्या मागच्या हौद्यात बसून बस्त्यांवरच्या चिठ्ठ्या लावता लावता मी वाचायला शिकले. माझ्या वाचनाची सुरुवात ‘नगरपालिका, मोऱ्या, तक्रारी’ या बस्त्यापासून आहे.

एका लग्नाची पातेली उतरवताना मी हौद्यातून खाली पडले. पाय मोडला आणि बसला तो थोडा आखूडच. दवाखान्यातून आणताना महिपतराव एवढेच म्हणाले, “आता वर चढायचं नाही.” मग देवघराचा खण उघडून, बंद करून, पुन्हा उघडून बघत बसले. मला वाटले देव शोधताहेत.

तो खण त्यांना पिकपमध्ये हवा होता. हौद्यात दोन लोखंडी पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यावर बेअरिंगे, बेअरिंगांवर सागवानी तक्ता. माल तक्त्यावर ठेवायचा आणि जमिनीवर उभे राहून सगळा बाहेर ओढायचा. कोणाला वर चढायला नको. बेअरिंगे बिर्लानगरच्या गिरणीच्या भंगारातून आणली.

हौद्याचे माप मुरारला दौलतसिंहाच्या टेपने फुटांत घेतले. लाकूड घरी कापायचे होते. भावोजी आजोबांचा लोखंडी गज घेऊन आले. दरबारच्या इमारतखात्यातला गज, घराण्याची वस्तू.

“याचे किती फूट?” यांनी विचारले.

“गज म्हणजे तीन फूट, दादा. कचेरीत मी आहे, तू नाहीस.”

“मोजून बघू का?”

“आजोबांचा गज मोजणार तू? कशानं, त्या शिपायाच्या फितीनं?”

यांनी मोजला नाही. आजोबांचा मान राहिला. दरबारचा गज तीन फुटांहून मोठा निघाला, आणि तक्ता हौद्यात जाईना. दौलतसिंह तक्त्याकडे बघून म्हणाला, “महिपत भैया, ये तो रियासत के नाप का बन गया. गाडी तो अंग्रेजी है.”

मग हे कितीतरी दिवस अंगणात बसून त्याच्या कडा रंधून काढत होते. आमचा पाण्याचा बंब त्या ढलप्यांवर तापत होता. तेव्हापासून आजवर प्रत्येक पंगतीत भावोजी सांगत आले आहेत, “दादाला माप कळत नव्हतं.” हे ऐकून मी ताटातला घास संपवत असे. इथे लेखी नोंदवते : माप बरोबर होते, गज चुकीचा होता, आणि तो ज्यांनी आणला त्यांनी आजतागायत मोजलेला नाही.

तक्ता बसला तरी त्याला अडवायला काही नव्हते. पहिल्याच फेरीत किल्ल्याकडच्या चढावर तो आपणहून मागे सरकत आला आणि मुलीकडचे श्रीखंड रस्त्याला वाढून गेला. यानंतर खुंटी आली. पट्टीतून आणि तक्त्यातून आरपार जाणारी लोखंडी खुंटी, हरवू नये म्हणून साखळीला बांधलेली. आणि रीत अशी पडली की ओढणाऱ्याने आधी मोठ्याने विचारायचे, “खुंटी?” बाजूला उभे असलेल्याने ती काढून सांगायचे, “काढली.” उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. ते विचारायचे, मी उत्तर द्यायची. नवराबायकोत आमचे सर्वांत जास्त बोलणे हेच झाले असेल. भांडण असले तरी हे दोन शब्द चुकवता येत नसत, त्यामुळे अबोला कधी टिकला नाही.

या चैत्रात सरकार इंदूरला निघाले. बस्ते उतरवता उतरवता स्टेशनाच्या आवारात महिपतराव खाली बसले ते उठले नाहीत. दौलतसिंहाने त्यांना तक्त्यावरच निजवून घरी आणले. दारात गल्ली जमली. भावोजी म्हणाले, “चौघांनी वर चढा, खांदे धरा.” ते स्वतः चढणार नव्हते. त्यांची कंबर अशा वेळी धरते. मी मागे गेले आणि तक्ता ओढला. तो हलेना. पुन्हा ओढला.

दौलतसिंह माझ्या मागे येऊन हळूच म्हणाला, “भाभीसाब, खुंटी.”

मी ती काढली. “काढली,” असेही म्हटले, सवयीने. मग तक्ता एका हाताने बाहेर आला. आवाज झाला नाही. आदल्याच दिवशी त्यांनी बेअरिंगांना ग्रीस लावले होते.

तेराव्याला पाने उचलत होतो तेव्हा भावोजी मुरारच्या एका गिऱ्हाइकाला घेऊन आले.

“वहिनी, हे लाकूड काढून टाकलं की दोन बाकं बसतात. दहा सवाऱ्या आरामात.”

“बसतील. मग लाकडाचं काय?”

“लाकूड काय, बंबात जाईल.”

“भावोजी, त्याचं बंबात जायचं होतं तेवढं तुमच्या गजानं तेव्हाच घातलंय.”

गिऱ्हाईक हसले. भावोजी त्यानंतर माझ्याशी वकिलामार्फत बोलतात. त्यांचे म्हणणे, घराण्याची गाडी घराण्याबाहेर जाऊ नये, दौलतसिंहाला तर मुळीच नको. हे म्हणणे मी पूर्ण मान्य करते. म्हणून पिकप, तक्त्यासह, भावोजींची कन्या चि. सरोजिनी हिला देते. ती कन्याशाळेत शिकवते, तिथून येऊन रोज तक्ता ओढू लागते, आणि विचारल्याशिवाय हात लावत नाही. गाडी दौलतसिंह चालवील आणि जे मिळेल त्यातले निम्मे त्याचे. तक्ता हौद्यातून काढू नये. तो ज्या दिवशी कोणाच्याही सांगण्यावरून निघेल, त्या दिवसापासून संपूर्ण गाडी दौलतसिंहाची. सरोजिनी हे वाचून म्हणाली, “काकू, बाबा मला घरात राहू देतील का?” मी म्हटले, “कलम एक पुन्हा वाच. घर आईचं आहे.”

कलम ४. हत्यारे. रंधा, पाने, हातोडे दौलतसिंहास द्यावेत. त्याच्याकडे त्याची टेप आहेच.

कलम ५. गज. आजोबांचा लोखंडी गज चि. भावोजी सूर्याजीराव यांना सप्रेम. सोबत एक नवी फूटपट्टी ठेवली आहे. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून एकदा बघावे. भोपाळला जाताना दोन्ही न्यावीत, तिथे नवी इमारत बांधणार आहेत म्हणतात.

कलम ६. माझ्याविषयी. मला तक्त्यावरूनच न्यावे. बायका घाटावर जात नाहीत हे मला ठाऊक आहे. सरोजिनी जाईल. मालाबरोबर मालक जातो, हा धंद्याचा नियम आहे. कोणी वर चढू नये. यांनी ज्या कारणासाठी तक्ता केला ते कारण आता उरणार नाही, पण रीत मोडू नये.

ओढील सरोजिनी. खुंटीपाशी भावोजींनी उभे राहावे. याला कंबर लागत नाही, दोन बोटे लागतात. आणि माझ्याविरुद्ध त्यांचे जे काही असेल ते असो, सरोजिनीने “खुंटी?” असे विचारल्यावर त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे उत्तर द्यावे. त्याशिवाय तिने हात लावू नये, कितीही वेळ लागला तरी. आजवर ते उत्तर मी देत आले. त्या दिवशी मला देता येणार नाही.

एवढे सोडून मला कोणाकडून काही नको.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. शालिनीताई मध्ये दोनदा हसल्या आणि एकदा उठून आत गेल्या. त्या परत आल्यावर सह्या झाल्या.

ठिकाण : लष्कर, ग्वाल्हेर, अजून मध्यभारत.
तारीख : २८ ऑक्टोबर १९५६

सही : शामला महिपतराव धुमाळ

साक्षीदार :
१. मुकुंदराव लक्ष्मीकांत आपटे, वकील
२. शालिनीताई पांडुरंगराव घोरपडे, शेजारीण