क्रांतीचा उपास कोणी मोडायचा

मी विजयमाला नाथाजी माने, वय ७१, राहणार रहिमतपूर, जिल्हा सातारा. डोके ठिकाणावर असताना, कोणी बसवून लिहून घेतले म्हणून नव्हे, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शाळेत गेले नाही, अक्षरे मुलाच्या पुस्तकांवरून शिकले. चुका समजून घ्याव्यात.

१. राहते घर मुलगा शंभूराज, राहणार सांगली, यास देते. अट एकच. माझी मुलगी क्रांती हिला अखेरपर्यंत सांभाळावे आणि तिची फिटची गोळी एक दिवसही चुकवू नये. वकील म्हणाले, "मावशी, रोजच्या गोळीवर कोर्ट कसा पहारा ठेवणार?" तरी लिहिली.

२. शिलाई मशीन शेजारच्या रेश्माला. पितळी घागर नणंदेला मिळू नये. "पोरीला गोळ्यांची सवय लागलीया" असे तिने गावभर केले आणि आलेली स्थळे परत गेली.

३. गोळी "जेवणानंतर" घ्यायची असते. माझे मालक रक्तदाबाची गोळी त्यामुळेच नवरात्रात घेत नसत. मी म्हणे, "आवं, साबुदाणा खाल्लाय की." ते म्हणत, "त्यो फराळ. जेवान कुठं झालंय?" डॉक्टरांनी फराळावर चालते म्हणून सांगितले, तर म्हणाले, "त्येला देवाचं काय ठावं!" घट उठायच्या आधीच गेले. त्यांचा उपास क्रांतीने पुढे धरला, आणि तिचेही म्हणणे तेच. म्हणून त्या दिवसांत मी तिला धरून भाताचा घास भरवते, मग गोळी देते. ती रडते. उपास मोडल्याचे पाप माझ्या एकटीच्या नावे आहे. त्याची वाटणी करू नये.

४. सून पल्लवीला विचारून झाले. मनाने चांगली आहे. म्हणाली, "आत्या, वन्संचं हागणंमुतणं काढीन, पण उपास न्हाई मोडायची. माझ्या लेकरांना भोवंल." शंभूराज म्हणाला, "लय दिवसांत फिट न्हाई आली, मग गोळी कशाला?" गोळी आहे म्हणून फिट नाही, हे सांगून दमले.

५. माझ्यामागे क्रांतीचा उपास मोडण्याचे काम ____________ यांनी करावे. नाव पुष्कळ शोधले. जागा तशीच सोडून खाली सही करते.

सही: विजयमाला नाथाजी माने

साक्षीदार: १. रंगुबाई कोंडीबा पवार (अंगठा)
२. मौला इमाम आतार

रहिमतपूर, दिनांक १४ सप्टेंबर २०२५