सतराव्या झेंड्याजवळचं गवत

देवळाली, ता. १४ डिसेंबर १९८३

रा. रा. चिमाजीराव दाजी यांना सहादूचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमची कंबर कशी आहे? आमची साळू लिहिते की कांद्यातलं तण काढायला निंदणी निघाली की ती धरते आणि निंदणी उरकली की आपोआप मोकळी होते. जपा हो. इकडे रोपवाटिकेत शेवंती बरी आहे, गुलाबावर मावा पडलाय, आणि तुमची लंका खुशाल आहे. (खुशाल हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय, म्हणून तिथं शाई फुटली आहे.)

तुम्ही दिवाळीत ओट्यावर सगळ्यांदेखत बजावलं होतं, की कॉलेजासाठी मामाकडे ठेवलेली पोर काठी घेऊन गवतात हिंडते हे बास झालं. डिसेंबरातल्या स्पर्धेत पहिली आली तर खेळू दे, नाहीतर सामान बांधून नामपूर, आणि चांदवडचे पाहुणे बघायला येतील. दाजी, लंका दुसरी आली. पत्र खाली ठेवू नका. ती दुसरी का आली हे माझ्याशिवाय तुम्हाला कोणी सांगणार नाही. ती स्वतः तर मुळीच नाही, एवढी तुमची लेक गुणाची.

आधी हा गोल्फ नावाचा खेळ सांगतो. मैलभर हिरवळ, तिच्यात अठरा झेंडे, प्रत्येक झेंड्याखाली पेल्याएवढं भोक. काठीनं चेंडू मारत मारत भोकात घालायचा, आणि ज्याला सगळ्यांत कमी फटके लागले तो जिंकला. (मी आपला वर्षभर जास्त मारणाऱ्याला शाबासकी देत होतो.) मैदानाची देखभाल मल्हारी सुभेदार बघतात, मी त्यांना फुलांची रोपं पुरवतो, त्यांनीच लंकाला जुन्या काठ्या दिल्या. या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन खेळाडूमागं एक माणूस चालतो. मुंबईच्या पोरींनी पगारी माणसं आणली होती. लंकानं मामा नेला. आता नियम असा की पिशवीवाल्यानं चूक केली तर ती खेळाडूच्या नावावर पडते. हा नियम लंकानं मला आदल्या दिवशी तीनदा सांगितला होता, हे मी कबूल करतो.

सोळा झेंडे झाले तेव्हा लंका एका फटक्यानं पुढं होती. सतराव्याला चेंडू कडेच्या गवतात गेला. ती झेंडा किती लांब आहे ते बघायला पुढं गेली आणि मी चेंडूपाशी उभा राहिलो. बघतो तर चेंडूला खेटून काँग्रेस गवत! तीन रोपं, फुलावर आलेली. दाजी, आठ दिवसांत त्याचं बी अख्ख्या मैदानात झालं असतं. मी पिशवी ठेवली, बुडख्याशी धरून तिन्ही मुळासकट उपटली, माती झटकली आणि बांधावर टाकतात तशी कडेला नीट रचली. सांगतो, मला फार बरं वाटलं.

"मामा, काय केलं हे!"

"तण काढलं बाई. हे लोक काढत नाहीत वाटतं."

पंचबाई धावत आल्या. चेंडूजवळचं उगवलेलं काही उपटायचं नसतं म्हणे; दोन फटके दंड. मी म्हणालो, "बाई, परत लावून देतो, रोप अजून ताजं आहे." आणि खरंच लावलं. बोटानं खड्डे केले, माती दाबली, लंकाच्या बाटलीतलं पाणी घातलं. बाई बघत राहिल्या, पण दंड काही उतरला नाही. एकानं पुढं असलेली पोर एकानं मागं राहिली. आणि घरी येताना मलाच म्हणते, "मामा, जेवलात का सकाळी?"

म्हणून दाजी, दुसरा नंबर माझा धरा आणि पहिला तिचा. चांदवडच्या पाहुण्यांना थोपवा. साळूला आशीर्वाद, आणि माझ्यावरचा राग निम्मा झाला की उत्तर लिहा.

तुमचा अपराधी,
सहादू

ता. क. पहिल्या दोघींना जानेवारीत पुण्याला संघाच्या निवडीसाठी बोलावलंय. सोबतच्या कागदावर वडिलांची सही लागते. जागेवर पेन्सिलीनं फुली केली आहे.

ता. क. पुण्याला पिशवी उचलायला मी नको, असं लंकानं ठरवलंय. (मल्हारी सुभेदारांनीही ठरवलंय. माझ्या बायकोनं तर आधीच.) ज्याचा हात तणाकडे कधीच जात नाही असा घरचा माणूस पाहिजे. आम्ही सगळ्या नात्यात शोधला, आणि एकच नाव निघालं. दाजी, पिशवी खांद्यावर असते, वाकायचं काम नाही. तुमची कंबर जानेवारीत अशीच धरलेली ठेवा आणि या.

ता. क. लावलेल्या तिन्ही रोपांनी जीव धरलाय. लंका रोज बघून येते आणि मला उपटू देत नाही.