चिंधी बांधलेलं वांगं

भगवंतभाऊजी, वैनीचा आशीर्वाद घ्या. राग त्याच्याखाली हाय.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर तुमी पुन्हा मेडलचंच कौतुक लिवसान.

अकोल्यात पहिलं परदर्शन भरलं तवा गर्दी एवढी, का आपलं माळवं दुपारलेच संपे. पुढच्या साली तुमी तिथं चढाओढीले वांगं नेलं. मोठं पायजे म्हणून नेमकं बियासाठी राखलेलं तोडलं. रोगातून तेवढंच वाचलं होतं. कोणी हात लावू नये म्हणून देठाले मी लाल चिंधी बांधली होती. तुमी ते सोडून फेकली! गोऱ्या साहेबानं पयला नंबर अन् मेडल देलं, वांगं काचेच्या पेटीत सडलं, अन् सासूबाईनं माह्या पदरात घातलेलं बियाचं वाण तिथंच संपलं.

परदर्शन उठलं, पण त्यातलं बियाण्याचं दुकान शहरातच राहिलं. तिथं तुमी गादीवर बसून विलायती बियाच्या पुड्या विकून राहिले. बाजारात बाया माही टोपली पाहून इचारतात, "परदर्शनवालं वांगं नाही का वो?"

तुमच्या भावानं मेडल देवघरात ठेवलं होतं. मी त्याले लाल चिंधी बांधून वाफ्यात काठीले टांगलं हाय. पिकलं का त्यातलं बी काढीन.

रिकाम्या वाफ्यावरून,
माणिकबाई